स्वतःच्या गाण्यांचा हट्ट : ‘रॉक मशीन’चा इतिहास

१/ १९८४ साली मुंबईत ‘रॉक मशीन’ हा बँड उभा राहिला. त्या काळी रॉकच्या श्रोत्यांना परदेशी बँडची गाजलेली गाणीच हवी असत. स्वतःची रचना वाजवणे म्हणजे जमलेली गर्दी गमावण्याचा धोका.

२/ दूरदर्शन आणि आकाशवाणीवर या संगीताला जागा तुटपुंजी. त्यामुळे श्रोते जोडायचे ते महाविद्यालयीन महोत्सवांत आणि धोबी तलावच्या खुल्या रंगभवनात. १९८६ पासून ‘इंडिपेंडन्स रॉक’ महोत्सवाने तरुण बँडना हक्काचा मंच दिला.

३/ उदय बेनेगल, महेश तिनईकर आणि सहकाऱ्यांनी तो धोका पत्करला. १९८८ मध्ये ‘रॉक एन रोल रेनिगेड’ हा स्वतःच्या गाण्यांचा अल्बम आला. १९९३ मध्ये बँडने ‘इंडस क्रीड’ हे नाव घेतले. त्याच वर्षी ‘प्रिटी चाइल्ड’च्या व्हिडिओला एमटीव्ही आशियाचा प्रेक्षकपसंतीचा पुरस्कार लाभला.

४/ १९९७ मध्ये बँड विसावला. २०१० मध्ये पुन्हा एकत्र आला. आज लोहाऱ्यासारख्या गावातूनही गाणे क्षणात जगभर पोहोचते. तरीही प्रश्न तोच उरतो : श्रोत्यांना ओळखीचे ऐकवायचे, की आपले?