क्नोपची खूण

1904 साली जर्मनीतल्या फ्रायबुर्ग इथे फ्रान्झ क्नोप या तरुण संशोधकाने कुत्र्यांना मेदाम्ले खाऊ घातली आणि त्यांची लघवी तपासली. पेशी मेदातून ऊर्जा कशी काढते, या ज्ञानाची वंशावळ तिथून सुरू होते.

अडचण अशी होती की, मेदाम्ल म्हणजे कार्बनची लांब साखळी. शरीरात गेली की ती पूर्ण जळते. उरतो कार्बन डायऑक्साइड आणि पाणी. मधल्या पायऱ्यांचा मागमूसही राहत नाही. क्नोपने साखळीच्या शेपटाला बेंझीनचे कडे जोडले. ते कडे शरीराला मोडता येत नाही. मेंढपाळ कळपात मिसळलेले आपले मेंढरू रंगाच्या पट्ट्याने ओळखतो, तशी ही खूण होती.

साखळीत तीन किंवा पाच कार्बन असले, तर शेवटी बेंझोइक आम्ल उरे. चार असले, तर फिनाइल ॲसेटिक आम्ल. (दोन्ही ग्लायसिनला जोडून लघवीत उतरत.) साखळी एकेक कार्बनने तुटत असती, तर प्रत्येक वेळी बेंझोइक आम्लच मिळायला हवे होते. म्हणजे ती दोन-दोन कार्बननेच तुटते, आणि घाव पडतो तो आम्लगटापासून मोजलेल्या दुसऱ्या, म्हणजे ‘बीटा’ कार्बनवर. बीटा ऑक्सिडीकरण हे नाव त्यावरूनच आले. पेशीच्या आतली रासायनिक क्रिया पाहण्याचे कोणतेही साधन नसताना, निव्वळ सम-विषम आकड्यांवरून काढलेला हा निष्कर्ष आजही तसाच उभा आहे. जीवरसायनशास्त्रातला इतका देखणा प्रयोग मला दुसरा माहीत नाही. किरणोत्सारी आणि जड अणूंच्या खुणा वापरात आल्या त्या त्यानंतर. खुणेची कल्पना क्नोपची.

पुढची कडी ब्यूनोस आयर्सची. तिथे लेलोइर आणि मुन्योस यांनी 1939च्या सुमारास यकृताच्या पेशी फोडून, पेशीबाहेरही मेदाम्ल जळते हे दाखवले. 1948-49 मध्ये अमेरिकेत केनेडी आणि लेनिंजर यांनी जागा निश्चित केली: हे काम मायटोकॉन्ड्रियात चालते. राहिला एक प्रश्न. तुटलेला दोन कार्बनचा तुकडा नेमका कोणत्या रूपात असतो? 1951 साली म्युनिकच्या फिओडोर लिनेन यांनी यीस्टमधून उत्तर काढले. तो तुकडा को-एन्झाइम ए या रेणूला गंधकाच्या अणूने जोडलेला असतो. हेच ॲसेटिल को-ए. लिनेन यांना 1964 चे नोबेल मिळाले.

सोळा कार्बनच्या पामिटिक आम्लाचे सात फेऱ्यांत आठ तुकडे होतात आणि ते तुकडे पुढे पूर्ण जळले की आजच्या हिशेबाने 106 एटीपी, म्हणजे पेशीची ऊर्जा वाहणारे रेणू, पदरात पडतात. ग्रॅमभर मेदातून नऊ किलोकॅलरी मिळतात; पिष्टातून चारच.

क्नोपने कुत्र्यांना दिलेल्या पदार्थांपैकी चार कार्बनच्या साखळीचे फिनाइल ब्युटिरिक आम्ल आज औषध आहे. काही बाळांचे यकृत जन्मतःच अमोनियाचे युरियात रूपांतर करू शकत नाही. साचलेला अमोनिया मेंदूवर घाला घालतो. अशा बाळांना या आम्लाचा सोडियम क्षार देतात. शरीर त्याचे दोन कार्बन तोडते, उरलेले फिनाइल ॲसेटिक आम्ल माणसात ग्लुटामिनला जोडले जाते आणि ती जोडी दोन नायट्रोजन घेऊन लघवीवाटे बाहेर पडते. अमेरिकेत या औषधाला 1996 साली मान्यता मिळाली.