तारण गमावण्याचा प्रश्न (ख्रिस्ती धर्मशास्त्र)

येशू ख्रिस्तावरील विश्वासाने एकदा लाभलेले तारण मनुष्य पुढे गमावू शकतो काय, हा ख्रिस्ती धर्मशास्त्रातील एक जुना वादविषय आहे. कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, ल्यूथरन, मेथडिस्ट आणि बहुतेक पेंटेकोस्टल मंडळ्या असे गमावणे शक्य मानतात. प्रेस्बिटेरियन व इतर कॅल्विनपंथी मंडळ्या आणि बहुसंख्य बाप्टिस्ट ते अशक्य मानतात. हा वाद केवळ तात्त्विक नाही. छळाच्या काळात विश्वास नाकारलेल्या माणसाला पुन्हा मंडळीत घ्यावे की नाही, गंभीर पापात पडलेल्याला क्षमेची आशा दाखवावी की नाही, मृत्युशय्येवर भयभीत झालेल्या विश्वासणाऱ्याला पाळकाने काय सांगावे, हे व्यवहारातील प्रश्न त्याच्या मुळाशी आहेत.

संज्ञा

मराठीत 'तारण' या शब्दाचा एक रूढ अर्थ कर्जापोटी हमी म्हणून ठेवलेली वस्तू असा आहे. ख्रिस्ती मराठीत मात्र तो 'तारणे' या क्रियापदाच्या मूळ अर्थाने, म्हणजे पाप व त्याचे परिणाम यांतून सुटका या अर्थाने येतो. योगायोग असा की नव्या करारातही या विषयासंबंधी देवघेवीतला एक शब्द आढळतो. इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात (१:१४) पवित्र आत्म्याला भावी वारशाचा 'विसार' म्हटले आहे. विसार म्हणजे सौदा पक्का झाल्याची खूण म्हणून आगाऊ दिलेली रक्कम. विसार देणारा प्रत्यक्ष देव असेल तर सौदा मोडेल कसा, असा तारण अढळ मानणाऱ्यांचा युक्तिवाद आहे.

या मताचे शास्त्रीय नाव 'पवित्र जनांची अढळता' असे सांगता येईल. काही लेखक 'संतांची चिकाटी' असा शब्दशः अनुवाद करतात, पण तो मराठी वाचकाची दिशाभूल करणारा आहे. येथे अभिप्रेत असलेले 'संत' म्हणजे कोणी थोर सत्पुरुष नव्हेत, तर ख्रिस्तावर विश्वास ठेवणारे सर्वसामान्य स्त्रीपुरुष होत. शिवाय 'चिकाटी' म्हटले की माणसाचे प्रयत्न डोळ्यांपुढे येतात. सिद्धान्ताचा सारा भर मात्र देवाने धरून ठेवण्यावर आहे.

बायबलमधील आधार

दोन्ही पक्ष बायबललाच प्रमाण मानतात आणि दोघांनाही तेथे आधार सापडतो. योहानाच्या शुभवर्तमानात (१०:२८-२९) आपल्या मेंढरांना कोणी आपल्या हातून हिसकावून घेऊ शकणार नाही असे येशू सांगतो. रोमकरांस पत्राच्या आठव्या अध्यायाच्या शेवटी कोणतीही शक्ती विश्वासणाऱ्यांना देवाच्या प्रीतीपासून विभक्त करू शकत नाही असे पौल म्हणतो. फिलिप्पैकरांस पत्रात (१:६) आरंभलेले काम देव तडीस नेईल असा भरवसा आहे.

याउलट योहानाच्याच शुभवर्तमानात (१५:६) वेलीत न राहणाऱ्या फांद्या तोडून जाळल्या जातात. पौल गलतीकरांना कृपेपासून ढळण्याविषयी बजावतो (५:४), आणि इतरांना उपदेश करून आपण स्वतःच अपात्र ठरू नये म्हणून देहाला वठणीवर ठेवतो असे करिंथकरांना लिहितो (पहिले पत्र, ९:२७). या सर्वांत कठोर उतारा इब्री लोकांस पत्रातील आहे (६:४-६). ज्यांनी स्वर्गीय दानाची रुची घेतली, जे पवित्र आत्म्याचे भागीदार झाले आणि नंतर पतित झाले, त्यांना पुन्हा पश्चात्तापाकडे आणणे अशक्य आहे, असा त्याचा आशय आहे.

हा उतारा दोन्ही पक्षांना अडचणीचा आहे, ही गोष्ट अनेकदा दुर्लक्षिली जाते. तारण अढळ मानणाऱ्यांना सांगावे लागते की येथे वर्णिलेले लोक मंडळीत वावरले, त्यांनी चव घेतली, पण ते खरे विश्वासणारे नव्हते. किंवा हा इशारा हेच देवाने आपल्या लोकांना टिकवून धरण्याचे साधन आहे. तारण गमावता येते असे मानणाऱ्यांना वरवर पाहता हा उतारा सोयीचा वाटतो. परंतु तो शब्दशः घेतला तर पतिताला परतीची वाटच उरत नाही, आणि या पक्षातील बहुतेक मंडळ्या तर परतीची वाट खुली असल्याचे शिकवतात. म्हणून त्यांना 'अशक्य' या शब्दाचा अर्थ मर्यादित करावा लागतो.

मंडळी सोडून गेलेल्यांविषयी योहानाच्या पहिल्या पत्रात (२:१९) म्हटले आहे की ते आपल्यातून निघाले, पण मुळात ते आपले नव्हतेच. तारण अढळ मानणाऱ्यांची भूमिका बव्हंशी या वचनावर उभी आहे. विश्वास टाकून तसाच मरण पावलेल्या माणसाच्या अंतिम गतीविषयी दोन्ही परंपरांत फारसा मतभेद नाही. मतभेद आहे तो निदानाविषयी: त्याच्याजवळ होते ते हरवले, की त्याच्याजवळ ते कधी नव्हतेच?

आरंभीची मंडळी: डेशियसचा छळ

हा प्रश्न प्रथम तीव्रतेने उभा राहिला तो तिसऱ्या शतकात. रोमन सम्राट डेशियस याने साम्राज्यातील रहिवाशांनी देवतांना यज्ञबली अर्पण करून तसे प्रमाणपत्र घ्यावे असा हुकूम काढला आणि इ.स. २५० मध्ये त्याची अंमलबजावणी झाली. पपायरसवर लिहिलेली अशी काही प्रमाणपत्रे इजिप्तमध्ये सापडली आहेत. काही ख्रिस्ती लोक तुरुंगात गेले, काही मारले गेले; पण पुष्कळांनी बळी दिला, काहींनी नुसता धूप जाळला आणि काहींनी लाच देऊन बळी न देताच प्रमाणपत्र मिळवले. या सर्वांना 'पतित' म्हणण्यात येऊ लागले. छळ ओसरल्यावर त्यांतील बरेच जण मंडळीच्या दाराशी परत आले.

कार्थेजचा बिशप सिप्रियन छळाच्या काळात स्वतः अज्ञातवासात होता, त्यामुळे त्याची स्थिती नाजूक होती. तुरुंगवास भोगलेले 'कबुलीवीर' पतितांना परस्पर क्षमापत्रे देऊ लागले होते. सिप्रियनने ते अमान्य केले, पण दारही बंद केले नाही. इ.स. २५१ च्या कार्थेज येथील धर्मसभेत दोषानुसार भेद करण्यात आला. केवळ प्रमाणपत्र घेतलेल्यांना प्रायश्चित्तानंतर प्रकरण पाहून परत घ्यावे आणि प्रत्यक्ष बळी दिलेल्यांना मृत्युसमयी समेट द्यावा, असे ठरले. पुन्हा छळाची चिन्हे दिसू लागताच प्रायश्चित्त करणाऱ्या सर्वांनाच सामावून घेण्यात आले, कारण ज्यांनी पुढच्या वेळी ठाम उभे राहावे अशी अपेक्षा आहे त्यांना प्रभुभोजनाविना लढायला पाठवणे योग्य नव्हे, असा विचार झाला. खुद्द सिप्रियनचा इ.स. २५८ मध्ये शिरच्छेद झाला.

रोममध्ये नोव्हेशियन याने उलट भूमिका घेतली. विश्वास नाकारणाऱ्याला क्षमा करण्याचा अधिकार मंडळीला नाही. त्याने जन्मभर पश्चात्ताप करावा आणि निर्णय देवावर सोडावा, असे त्याचे मत होते. त्याच्या अनुयायांचा पंथ पुढे काही शतके टिकला. इ.स. ३२५ च्या निकेआ येथील धर्मसभेने त्यातून परतणाऱ्यांसाठी स्वतंत्र नियम केला.

ऑगस्टीन

हिप्पोचा बिशप ऑगस्टीन (३५४-४३०) याने उतारवयात या विषयावर लेखन केले. अखेरपर्यंत टिकून राहणे हे देवाचे स्वतंत्र दान आहे, असे त्याचे प्रतिपादन होते. बाप्तिस्म्याने खरोखर नवा जन्म लाभलेल्या काहींनाही ते दान मिळत नाही आणि ते ढळतात. ज्यांना देवाने निवडले ते मात्र टिकतातच. आपण कोणत्या गटात आहोत हे जिवंतपणी कोणालाही निश्चित कळत नाही. यामुळे पुढे कॅथलिक आणि कॅल्विनपंथी हे दोघेही ऑगस्टीनवर हक्क सांगू शकले.

धर्मसुधारणेचा काळ

धर्मसुधारणेचे सर्व पुढारी या बाबतीत एकमत नव्हते. ल्यूथरन मंडळ्यांच्या १५३० च्या ऑग्सबर्ग विश्वासकबुलीतील बारावे कलम एकाच वेळी दोन टोकांचा निषेध करते: नीतिमान ठरलेला मनुष्य पवित्र आत्मा गमावूच शकत नाही असे म्हणणाऱ्यांचा, आणि पतितांना क्षमा नाकारणाऱ्या नोव्हेशियनपंथीयांचा. ट्रेंट येथील कॅथलिक धर्मसभेने १५४७ मध्ये असा निर्णय दिला की कोणत्याही प्राणघातक पापाने कृपा नष्ट होते, जरी विश्वास शिल्लक असला तरी. आणि ती प्रायश्चित्त संस्काराने पुन्हा मिळते. जॉन कॅल्विन याच्या मते खरा विश्वास हे देवाच्या निवडीचे फळ असल्याने तो पूर्णपणे मरत नाही.

कॅल्विनच्या परंपरेतच नेदरलँड्समध्ये मोठी फूट पडली. याकोबुस आर्मिनियस (१५६०-१६०९) याच्या अनुयायांनी १६१० मध्ये पाच कलमी निवेदन सादर केले. त्यातील पाचवे कलम लक्षणीय आहे. त्यात विश्वासणारा तारण गमावतो असे म्हटलेले नाही; या मुद्द्याचा शास्त्रातून अधिक शोध घेतल्यावाचून आपण निश्चित शिकवू शकत नाही, एवढेच म्हटले आहे. पुढे त्यांनी ते शक्य असल्याचे स्पष्टपणे मांडले. डॉर्ट येथील धर्मसभेने (१६१८-१९) त्यांची मते फेटाळली. विश्वासणारे दावीद आणि पेत्र यांच्याप्रमाणे घोर पापात पडू शकतात, काही काळ कृपेची जाणीवही गमावतात, परंतु देव त्यांना पूर्ण नाशापर्यंत जाऊ देत नाही, असे तिने ठरवले.

वाद धर्मशास्त्रापुरता उरला नाही. सुमारे दोनशे पाळक पदच्युत झाले. त्यांना संरक्षण देणारा मुत्सद्दी ओल्डेनबार्नेवेल्ट याचा राजद्रोहाच्या आरोपावरून मे १६१९ मध्ये शिरच्छेद झाला. कायदेपंडित ह्यूगो ग्रोशियस जन्मठेपेत असताना १६२१ मध्ये पुस्तकांच्या पेटीत लपून निसटला.

अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये हाच वाद दोन मित्रांत उभा राहिला. जॉर्ज व्हाइटफील्ड कॅल्विनपंथी होता. जॉन वेस्ली याने १७५१ मध्ये तारण गमावता येते असे प्रतिपादणारी पुस्तिका लिहिली. मात्र मागे पडलेले लोक परत येऊ शकतात, असे हजारो लोक आपण पाहिले आहेत, असेही वेस्लीने एका प्रवचनात सांगितले. मेथडिस्ट परंपरा याच मताची आहे.

खात्री आणि भय

तारण अढळ मानल्याने मन निर्धास्त होते आणि तसे न मानल्याने भयभीत होते, अशी सर्वसाधारण समजूत आहे. इतिहास तिला पूर्ण दुजोरा देत नाही. इटलीतील वकील फ्रान्चेस्को स्पिएरा याने १५४८ मध्ये धर्मन्यायालयापुढे आपली प्रोटेस्टंट मते सोडली आणि आपण कायमचे त्यागले गेलो या निराशेत त्याच वर्षी प्राण सोडला. त्याची हकिकत युरोपभर वाचली गेली. जॉन बन्यन याने १६६६ च्या आत्मचरित्रात तिने आपल्या मनावर केलेल्या आघाताचा उल्लेख केला आहे. इंग्रज कवी विल्यम कूपर (१७३१-१८००) याची कथा अधिक विलक्षण आहे. कॅल्विनपंथी श्रद्धेने स्तोत्रे लिहिणाऱ्या या कवीची १७७३ नंतर अशी धारणा झाली की नियम सर्वांसाठी खरा असला तरी अपवाद म्हणून देवाने एकट्या आपल्याला टाकले आहे. तारण हरवत नाही हे मानले तरी 'ते मला खरोखर लाभले काय' ही शंका उरतेच. वेस्टमिन्स्टर विश्वासकबुलीने (१६४६) म्हणूनच अढळता आणि खात्री यांवर दोन वेगळी प्रकरणे लिहिली, आणि खऱ्या विश्वासणाऱ्याचीही खात्री डळमळू शकते हे मान्य केले.

विसाव्या शतकात अमेरिकेतील बाप्टिस्ट मंडळ्यांत 'एकदा तारण, सदैव तारण' हे सूत्र लोकप्रिय झाले. डॉर्टच्या मताहून ते सैल आहे, कारण डॉर्टच्या मते टिकून राहणे हेच खऱ्या विश्वासाचे लक्षण होते. विश्वास ठेवल्याचा एक क्षण पुरे, पुढचे आचरण कसेही असो, असा त्याचा अर्थ काही जण लावू लागले. जॉन मॅकआर्थर याने १९८८ च्या पुस्तकात या अर्थावर कडक टीका केली. झेन हॉजेस आदींनी तिला उत्तर दिले.

मराठी मंडळ्या

महाराष्ट्रात हे सर्व प्रवाह मिशनऱ्यांबरोबर आले. वसईत पोर्तुगीज काळापासून कॅथलिक परंपरा आहे. १८१३ मध्ये मुंबईत सुरू झालेले अमेरिकन मराठी मिशन आणि १८२९ मध्ये आलेले स्कॉटिश मिशनरी जॉन विल्सन कॅल्विनच्या परंपरेतले होते. १८७० च्या दशकात अमेरिकन मेथडिस्ट आले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूर येथे उत्तर भारताची मंडळी स्थापन झाली. तीत अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन व काँग्रिगेशनल, बाप्टिस्ट, ब्रेदरन, डिसायपल्स आणि ब्रिटिश व ऑस्ट्रेलेशियन मेथडिस्ट मंडळ्या विलीन झाल्या. अमेरिकन मेथडिस्ट परंपरेची मंडळी मात्र बाहेर राहिली. ज्या परंपरांनी या प्रश्नावर एकमेकींचा निषेध केला होता, त्यांतील काहींचे वारसदार तेव्हापासून एकाच उपासनेत बसतात.