संकटसमयीचा गोलंदाज

बेसबॉल हा अमेरिकेचा आवडता खेळ. आपल्या क्रिकेटशी त्याचे नाते दूरच्या चुलत भावासारखे आहे. त्यात पिचर, म्हणजे गोलंदाज, एकटाच डावामागून डाव चेंडू फेकीत राहतो. तो थकला अथवा त्याच्या माऱ्याची धार बोथट झाली, म्हणजे दुसऱ्याला बोलावतात. एकदा मैदान सोडलेला खेळाडू त्या सामन्यात परत येऊ शकत नाही. दुसऱ्याने मांडून ठेवलेले संकट निस्तरण्यासाठी येणाऱ्या या गोलंदाजास रिलीफ पिचर म्हणतात. हे काम फार दिवस दुय्यम दर्जाचे मानले जाई. त्याला प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्यांत हॉइट विल्हेल्म यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागेल.

त्यांचा जन्म १९२२ साली नॉर्थ कॅरोलायना राज्यात झाला. शाळकरी वयातच त्यांनी ‘नकलबॉल’ नावाचा विलक्षण चेंडू साध्य केला. हा चेंडू बोटांच्या टोकांनी धरून असा सोडावयाचा, की तो जवळजवळ फिरतच नाही. त्यामुळे शिवणीवरून वाहणारा वारा त्याला क्षणात इकडे, क्षणात तिकडे ढकलतो. चेंडू मंद येतो, पण कोठे वळेल हे फलंदाजाला कळत नाही, झेलणाऱ्याला कळत नाही आणि खुद्द फेकणाऱ्यालाही कळत नाही. पुढे १९६० साली बाल्टिमोर संघाचे व्यवस्थापक पॉल रिचर्ड्स यांनी केवळ विल्हेल्म यांचे चेंडू अडविता यावेत म्हणून झेलणाऱ्यासाठी अवाढव्य हातमोजा करविला!

मध्यंतरी महायुद्ध आले. १९४४ च्या हिवाळ्यात आर्डेन्सच्या लढाईत विल्हेल्म जखमी झाले. जखमी सैनिकांना दिले जाणारे ‘पर्पल हार्ट’ पदक त्यांना लाभले. घरी परतल्यावर त्यांना पुन्हा लहान संघांतूनच सुरुवात करावी लागली. वर्षे लोटली. अखेर १९५२ साली न्यूयॉर्क जायंट्सने त्यांना पहिल्या प्रतीच्या सामन्यांत उतरविले, तेव्हा ते एकोणतीस वर्षांचे होते. इतर खेळाडू या वयात ऐन भरात असतात. यांचा तर श्रीगणेशाच होत होता. त्या पहिल्याच वर्षी ते ७१ सामने खेळले. १५ सामन्यांत विजय त्यांच्या नावे लागला, तर पराभव अवघ्या तिहींत. फलंदाज म्हणून पहिल्याच संधीला त्यांनी ‘होम रन’ मारला. गंमत अशी, की पुढील वीस वर्षांत त्यांना दुसरा कधीच साधला नाही.

रिलीफचे काम करणारा पूर्ण सामना पेलू शकत नाही, असा एक समज होता. २० सप्टेंबर १९५८ रोजी बाल्टिमोरकडून खेळताना त्यांना आरंभापासून चेंडू देण्यात आला. समोर न्यूयॉर्क यांकीजचा बलाढ्य संघ होता. नऊ डावांत त्या संघाला एकही ‘हिट’ मिळू न देता विल्हेल्म यांनी सामना १–० असा जिंकून दिला.

अशा कामाची मोजदाद मात्र उशिरा सुरू झाली. संघाची आघाडी शेवटपर्यंत राखणाऱ्या गोलंदाजाच्या नावे ‘सेव्ह’ ही अधिकृत नोंद १९६९ पासून होऊ लागली. तोवर विल्हेल्म यांची सतरा वर्षे खर्ची पडली होती. त्यांनी किती सामने वाचविले, याचा हिशेब संशोधकांना जुनी टिपणे चाळून मागाहून मांडावा लागला.

१९७२ मध्ये पन्नाशी पूर्ण होण्यास अवघे काही दिवस उरले असता त्यांनी मैदान सोडले. नऊ संघ आणि १,०७० सामने! तोवर कोणताही गोलंदाज इतके सामने खेळला नव्हता. कूपर्सटाउनच्या कीर्तिमंदिराचे द्वार मात्र लगेच उघडले नाही. सात वेळा मतदारांनी त्यांना बाहेरच ठेवले. आठव्या खेपेस, १९८५ साली, प्रवेश मिळाला. मुख्यत्वे रिलीफ पिचर म्हणून खेळलेल्या कोणाला हा मान मिळण्याचा तो पहिलाच प्रसंग. २००२ साली ते निवर्तले.

आरंभ करणाऱ्याचे नाव जग सहज लक्षात ठेवते. बिघडलेले सावरणाऱ्याचे नाव वहीत लिहिण्यासाठी कधी कधी आधी वहीत नवा रकानाच आखावा लागतो. विल्हेल्म यांनी त्या रकान्याची वाट पाहिली नाही. बोलावणे आले की ते उठत आणि चेंडू हाती घेत.