४२.३४ मीटर

मी बीए, इतिहास शिकवणारी. 'विद्युतचुंबकीय प्रारण' हा शब्द आमच्या शाळेत विज्ञानाच्या बाईंचा! पण मला त्याचा अर्थ उमगला तो गिरगाव चौपाटीच्या इतिहासात.

ऑगस्ट १९४२. 'चले जाव'चे पुढारी तुरुंगात, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर. अशा वेळी २२ वर्षांच्या उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी चौपाटीजवळच्या एका जागेतून गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला, ४२.३४ मीटरवर. म्हणजे लहरीच्या एका माथ्यापासून पुढच्या माथ्यापर्यंत एवढं अंतर आणि सेकंदाला सुमारे ७० लाख आंदोलनं. ही प्रकाशाचीच भावंडं, फक्त डोळ्यांना न दिसणारी. वेगही तोच, सेकंदाला सुमारे ३ लाख किलोमीटर.

आता गंमत बघा. लहर जशी श्रोत्याला पोचते तशी पोलिसालाही. ती कुठून येते हे हुडकणाऱ्या गाड्या शहरात फिरत होत्या. म्हणून ट्रान्समीटर सारखं बिऱ्हाड बदलत राहिला. अखेर १२ नोव्हेंबरला धाड पडली, तीही एका तंत्रज्ञाने ठिकाण सांगितल्यामुळे. उषाबेनना चार वर्षांची शिक्षा झाली.

प्रारण म्हणजे चहूकडे पसरणं. ज्याला ऐकवायचं त्याच्याइतकंच ज्याच्यापासून लपायचं त्यालाही कळणार. हे ठाऊक असूनही ही मुलं रोज बोलत राहिली.