कलम ५०४ : ‘वाजवी सोय’ हा हक्क कसा झाला?

#थ्रेड

१/ कार्यालयाच्या पायऱ्यांशेजारचा रॅम्प, दृष्टिहीन कर्मचाऱ्यासाठी स्क्रीन रीडर, प्रकृतीनुसार बदललेली कामाची वेळ. मालकाच्या मर्जीवर असलेल्या या गोष्टी कर्मचाऱ्याचा हक्क कधी ठरल्या? याचा माग काढत गेल्यास आपण १९७७ सालच्या सॅन फ्रान्सिस्कोत पोहोचतो.

२/ आरंभ मात्र न्यूयॉर्कपासून करावा लागेल. १९७० साली तेथे जुडिथ ह्युमन या तरुणीला शिक्षिकेचा परवाना नाकारण्यात आला. बालपणीच्या पोलिओमुळे त्या व्हीलचेअर वापरत. लेखी व तोंडी परीक्षा त्या उत्तीर्ण झाल्या होत्या. वैद्यकीय तपासणीत अपात्र ठरल्या. आग लागल्यास त्या स्वतः कशा बाहेर पडणार आणि मुलांना कशा बाहेर काढणार, हा आक्षेप होता. त्यांनी शिक्षण मंडळावर दावा लावला. मंडळाला माघार घ्यावी लागली आणि ह्युमन शिक्षिका झाल्या.

३/ तथापि हा न्याय एकीपुरता होता. १९७३ च्या पुनर्वसन कायद्यातील कलम ५०४ ने तो व्यापक केला. केंद्र सरकारचे अर्थसाहाय्य घेणाऱ्या उपक्रमांत केवळ अपंगत्वाच्या कारणावरून भेदभाव करण्यास या कलमाने मनाई केली.

४/ कलम आले, पण त्याची अंमलबजावणी करणारे नियम आले नाहीत. निक्सन गेले, फोर्ड गेले, कार्टर आले. नियमांवर स्वाक्षरी होईना. नवे मंत्री जोसेफ कॅलिफानो यांनी फेरविचार आरंभला, तेव्हा मसुदा पातळ होणार अशी भीती अपंग कार्यकर्त्यांना वाटू लागली.

५/ ५ एप्रिल १९७७ रोजी अनेक शहरांत निदर्शने झाली. सॅन फ्रान्सिस्कोत सुमारे दीडशे जणांनी संबंधित खात्याच्या कार्यालयातच, चौथ्या मजल्यावर, ठिय्या दिला. दूरध्वनी तोडले गेले, तेव्हा कर्णबधिर आंदोलकांनी खिडकीतून खुणांच्या भाषेत बाहेर निरोप धाडले. ब्लॅक पँथर पक्षाचे कार्यकर्ते जेवण पोहोचवीत. ज्यांना उठण्याबसण्यास मदत लागे, त्यांना सोबतचे आंदोलक ती देत.

६/ २८ एप्रिलला कॅलिफानो यांनी स्वाक्षरी केली. ३० एप्रिलला आंदोलक बाहेर आले. या नियमांनी नोकरी देणाऱ्यावर ‘वाजवी सोय’ करण्याचे बंधन घातले : जागा सुगम करणे, कामाची फेररचना, वेळेत बदल, योग्य उपकरणे, वाचक वा दुभाषी. अवाजवी भार पडत असल्याचे दाखवून दिले, तरच यातून सूट होती.

७/ १९९० च्या कायद्याने हे बंधन १५ वा अधिक कर्मचारी असलेल्या खासगी मालकांवरही आले. २००६ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या करारात ही संकल्पना समाविष्ट झाली. भारताने २००७ मध्ये तो करार मान्य केला. आपल्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम २० नुसार सरकारी आस्थापनांनी वाजवी सोय पुरविणे बंधनकारक आहे. सेवेत असताना अपंगत्व आले म्हणून अशा आस्थापनेला कर्मचाऱ्यास काढून टाकता येत नाही.

८/ आता पुन्हा ह्युमन यांच्याकडे वळू. १९७० साली तपासले गेले ते त्यांचे शरीर. १९७७ नंतर असा अर्ज आला असता, तर आधी वेगळा प्रश्न विचारावा लागला असता : त्यांचा वर्ग तळमजल्यावर भरविता येईल का? हा प्रश्न विचारणे सक्तीचे व्हावे, म्हणून ती माणसे पंचवीस दिवस फरशीवर झोपली. आपल्या कार्यालयात तो विचारला जातो का, हे अवश्य पाहावे.