महाकाय बर्न आणि वाटाण्याएवढी ग्रंथि

इ. स. १७८२ मध्यें चार्ल्स बर्न नांवाचा एक आयरिश तरुण लंडनांत आला. त्याची उंची साडेसात फुटांच्या वर होती आणि त्याला पाहण्यासाठीं लोक पैसे मोजीत. पुढच्याच वर्षीं, वयाच्या अवघ्या २२ व्या वर्षीं, तो मरण पावला. आपलें प्रेत समुद्रांत बुडवावें, अशी त्याची इच्छा होती. कारण शस्त्रवैद्यांचा आपल्या हाडांवर डोळा आहे, हें तो जाणून होता. परंतु जॉन हंटर या विख्यात शस्त्रवैद्यानें पैसे चारून तें प्रेत मिळविलें व सांगाडा आपल्या संग्रहांत ठेविला.

सांगाडा हातीं आला, तरी रोग कळला नाहीं. मेंदूच्या तळाशीं, हाडाच्या खोबणींत, वाटाण्याएवढी पिट्यूटरी ग्रंथि असते. तिचें कार्य त्या काळीं कोणासहि ठाऊक नव्हतें. १८८६ सालीं पियेर मारी या फ्रेंच वैद्यानें हात, पाय व जबडा वाढत जाणाऱ्या रोग्यांचें वर्णन करून त्या रोगास ‘अ‍ॅक्रोमेगाली’ हें नांव दिलें. पुढें अशा रोग्यांत ही ग्रंथि वाढलेली आढळूं लागली. १९०९ मध्यें अमेरिकन शस्त्रवैद्य हार्वे कुशिंग लंडनला गेला असतां बर्नची कवटी उघडण्यांत आली. ग्रंथि केव्हांच नाहींशी झाली होती. पण तिची खोबण रुंदावलेली होती. असें हें निदान सव्वाशें वर्षांनीं झालें!

जिवंत रोग्याची खोबण क्ष-किरणांनीं दिसूं लागली. परंतु गांठ केवढी आहे, यावरून ती किती अंतःस्राव सोडते, हें कळत नाहीं. १९३२ मध्यें कुशिंगनेंच दाखविलें कीं, अगदीं बारीक गांठहि मुख वाटोळें करून शरीराची दुर्दशा करूं शकते. तेव्हां रक्तांतील स्राव मोजणेंच भाग होतें. त्याची किल्ली रोझलिन यॅलो व सॉलोमन बर्सन यांनीं १९५९ च्या सुमारास किरणोत्सर्गी द्रव्यांच्या साह्यानें शोधून काढली. आज रोग्यास ग्लुकोजचें पाणी पाजून रक्त तपासतात. निरोगी माणसाच्या रक्तांतील वाढीचा स्राव त्यानें उतरतो. गांठ असल्यास पुरेसा उतरत नाहीं. मग एम. आर. आय. यंत्रानें गांठीची जागा पाहतात.

२०११ सालीं बर्नच्या दांतांतून आनुवंशिक द्रव्य काढण्यांत आलें. त्यांतील दोष उत्तर आयर्लंडमधील कांहीं हयात कुटुंबांतहि सांपडला. त्यामुळें अशा घराण्यांतील मुलांची तपासणी वेळींच करतां येते. २०२३ मध्यें हंटरचें संग्रहालय पुन्हां उघडलें, तेव्हां सांगाडा प्रदर्शनांतून काढण्यांत आला होता. मात्र संशोधनासाठीं तो राखून ठेवण्यांत आला. बर्नच्या हाडांनीं वैद्यकास पुष्कळ दिलें. त्यानें मागितलेला समुद्र मात्र त्याला मिळाला नाहीं.