मेक्सिकन जेवण वीगन करायचंय? चीजचा पर्याय नंतर, आधी चुना शोधा

मक्याचं पीठ आणलं, रीलमध्ये दाखवलं तसं मळलं, लाटायला घेतलं आणि टॉर्टिया पोळपाटावरच फाटला. घरी मेक्सिकन जेवण करून बघणाऱ्या अनेकांची गाडी इथेच अडते. मग मैद्याची पोळी करून त्यात राजमा भरला जातो, वर चीज किसलं जातं आणि त्याला टाको म्हटलं जातं. हेच वीगन करायचं ठरलं, की सगळी चर्चा 'चीजच्या जागी काय' यावर येऊन थांबते. वीगन चीज महाग असतं आणि भोर किंवा वेल्ह्यात (या तालुक्याचं नाव आता राजगड झालंय) ते सहज मिळेल अशी आशा धरण्यात अर्थ नाही.

पण खरी अडचण चीजची नाहीच. अडचण मक्याची आहे आणि तिचं उत्तर पानाच्या टपरीवर मिळतं.

मेक्सिकन जेवण मुळात वीगन होतं का?

अर्धं खरं. १५१९ मध्ये स्पॅनिश लोक मेक्सिकोच्या किनाऱ्यावर उतरले आणि १५२१ मध्ये त्यांनी अॅझ्टेकांची राजधानी टेनोच्टिट्लान जिंकली. गाय, डुक्कर, शेळी आणि गहू तिथे पोचले ते त्यांच्यासोबत. म्हणजे आज मेक्सिकन पदार्थांत दिसणारं चीज, क्रीम आणि डुकराची चरबी हे सगळं त्यानंतरचं. त्याआधी रोजच्या जेवणाचा पाया होता मका, घेवडा, भोपळा, मिरची आणि टोमॅटो.

मात्र 'प्राचीन मेक्सिको शाकाहारी होता' असं कोणी सांगत असेल तर ते चूक आहे. टर्की, मासे, शिकार आणि किडे हे सगळं खाल्लं जायचं. मुद्दा एवढाच, की या पदार्थांतून दूध आणि चरबी काढली तरी ते कोसळत नाहीत. मका नीट तयार केलेला नसेल तर मात्र कोसळतात.

चुन्याचं काम काय?

मेक्सिकोत टॉर्टियासाठी मका नुसता दळत नाहीत. आधी तो चुन्याच्या पाण्यात शिजवतात, रात्रभर तसाच ठेवतात, धुतात आणि मग ओलाच वाटतात. या प्रक्रियेला निक्स्टमलायझेशन म्हणतात. नाव नाहुआट्ल भाषेतलं आहे. त्यातल्या 'नेक्स्टली' या शब्दाचा अर्थ राख, कारण चुन्याऐवजी चुलीतली राखही वापरली जायची. तयार झालेल्या पिठाच्या गोळ्याला 'मासा' म्हणतात (माशाशी काही संबंध नाही).

चुन्यामुळे दाण्याचं साल सुटतं आणि पिठाला चिकटपणा येतो. आपण मक्याच्या भाकरीला गरम पाणी घालून जे साधायचा प्रयत्न करतो, ते इथे चुना करतो. दुसरा फायदा पोषणाचा. मक्यातलं नायसिन, म्हणजे बी-३ जीवनसत्त्व, अशा रूपात अडकलेलं असतं की ते शरीराला फारसं मिळत नाही. चुन्यामुळे ते मोकळं होतं. युरोपने मका उचलला, पण चुन्याची पद्धत उचलली नाही. मग जिथे गरीब माणसं जवळपास फक्त मक्यावर जगत होती, तिथे पेलाग्रा पसरला. या आजारात कातडी सोलवटते, जुलाब लागतात आणि पुढे भ्रम होतो. स्पेनमध्ये गास्पार कासाल या डॉक्टरने १७३५ मध्ये तो पहिल्यांदा नोंदवला. मेक्सिकोत मका रोज खाऊनही हे संकट आलं नाही, त्याचं एक मोठं कारण चुना.

घरी कसं करायचं?

अर्धा किलो वाळलेला अख्खा मका घ्या. स्वीट कॉर्न चालत नाही आणि पेरणीसाठी विकलं जाणारं बियाणं तर अजिबात नाही, कारण त्याला औषध लावलेलं असतं. मका धान्याच्या दुकानातून, खाण्यासाठी म्हणूनच घ्या.

दीड लिटर पाण्यात खायचा चुना कालवा. कोरडी पूड असेल तर ५ ग्रॅम, टपरीवरचा ओला चुना असेल तर साधारण दुप्पट. चुना पांढरा, बिनवासाचा, पानात घालायचा तोच हवा. भिंतीला लावायचा नको आणि कळीचा चुनाही नको, तो पाण्यात पडताच उसळतो. भांडं स्टीलचं घ्या. अॅल्युमिनियमवर चुन्याची क्रिया होते. चुन्याचा हात डोळ्याला लावू नका.

मंद आचेवर ३० ते ४० मिनिटं शिजवून झाकण ठेवा आणि रात्रभर विसरून जा. सकाळी दाणा चोळल्यावर साल निघायला हवं. दोन-तीन पाण्यांनी धुऊन घ्या, पण सगळं साल काढायच्या मागे लागू नका.

आता वाटण. मेक्सिकोत हे काम 'मेताते' नावाच्या दगडावर व्हायचं आणि मेताते म्हणजे जवळपास आपला पाटा-वरवंटाच. भोर-वेल्ह्यातल्या जुन्या घरांच्या मागच्या दारी पडून असलेला पाटा इथे मिक्सरपेक्षा सरस ठरतो. मिक्सरला पाणी जास्त लागतं आणि पीठ सैल होतं. तसं झालंच तर थोडं मक्याचं किंवा नाचणीचं पीठ घालून सावरता येतं. नाचणीने रंग आणि चव बदलते, पण बिघडत नाही. गोळा प्लास्टिकच्या दोन कागदांमध्ये ठेवून पुरीच्या यंत्रात दाबा आणि तापलेल्या तव्यावर दोन्ही बाजूंनी भाजा. तेल नको.

मेक्सिकोतल्या मक्याचा मराठी माणूस

मका आणि मेक्सिको म्हटलं की एका मराठी नावाशिवाय पुढे जाता येत नाही: डॉ. पांडुरंग खानखोजे. वर्ध्यात १८८४ साली जन्मलेले, गदर चळवळीतले क्रांतिकारक. इंग्रज मागावर असल्याने भारतात परतता येईना, तेव्हा ते मेक्सिकोत पोचले आणि १९२० च्या दशकात चापिंगोच्या राष्ट्रीय कृषी विद्यालयात शिकवू लागले. मक्याच्या सुधारित जातींवर त्यांनी काम केलं, शेतकऱ्यांसाठी मोफत कृषिशाळा काढल्या. चित्रकार दिएगो रिव्हेरा यांनी मेक्सिको सिटीतल्या शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर, भाकरी वाटून खाणाऱ्या माणसांच्या चित्रात, त्यांना रंगवलंय. स्वातंत्र्यानंतर ते भारतात परतले आणि १९६७ मध्ये वारले. चापिंगोत त्यांचा पुतळा २०२२ मध्ये उभा राहिला. इकडे आपल्यापैकी कितीजणांना ते माहीत आहेत, हा वेगळाच विषय.

आता पदार्थ

सुरुवात पोसोलेने करा, कारण त्यात वाटायचं किंवा लाटायचं काहीच नाही. गेरेरो आणि हालिस्को या राज्यांचं हे पातळ कालवण. मूळ कृतीत चुन्यात शिजवलेला अख्खा मका डुकराच्या मांसाबरोबर उकळतात. वीगन करताना मांसाच्या जागी बटण मशरूम चालतात (पावसाळ्यात डोंगरावर उगवलेल्या अळंब्या ओळख पक्की नसेल तर घेऊ नयेत). गेरेरोचा हिरवा पोसोले भोपळ्याच्या बिया वाटून दाट करतात. वरून बारीक कोबी, मुळा, कांदा, लिंबू आणि पिझ्झासोबत येणारं ओरेगानो.

युकातानचं 'कोचिनिता पिबिल' म्हणजे आंबट संत्र्याच्या रसात आणि लाल वाटणात मुरवून, केळीच्या पानात गुंडाळून शिजवलेलं डुकराचं मांस. जगभर याची वीगन आवृत्ती कच्च्या फणसाची करतात आणि हा पदार्थ जणू भोरसाठीच बनलाय. वरंध घाट उतरला की कोकण. उन्हाळ्याच्या तोंडावर कोवळा फणस मिळतो आणि त्याची भाजी इकडे नवी नाही. फणस उकडून, त्याचे धागे मोकळे करून संत्रं आणि लिंबाचा रस, लसूण, जिरं, मिरी आणि लाल मिरचीच्या वाटणात मुरवा. मूळ लाल रंग शेंदरीच्या बियांचा असतो. त्या नसतील तर ब्याडगी मिरची रंगाचं काम करते, चव मात्र थोडी वेगळी येईल. फणसात प्रथिनं फार नसतात, म्हणून सोबत घेवडा हवाच.

घेवड्याचं काम सर्वात सोपं. राजमा आणि घेवडा हे एकाच जातीचे दाणे, मूळ अमेरिका खंडातले. साताऱ्यातल्या कोरेगावच्या वाघ्या घेवड्याला तर भौगोलिक मानांकन आहे. तो मऊ शिजवून, कांदा-लसणावर परतून, रगडून घ्या. मेक्सिकोत हे बऱ्याचदा चरबीत परततात, इथे शेंगदाण्याचं तेल. उरलेलं शिजवलेलं पाणी फेकू नका, पुएब्लाच्या 'मोले'त ते मांसाच्या रश्श्याची जागा घेतं.

मोलेची ख्याती चॉकलेटची रस्सा-भाजी अशी झाली आहे. ते खरं नाही. त्यात चॉकलेट थोडंसंच असतं. खरा जीव आहे सुक्या मिरच्या, तीळ, शेंगदाणे, दालचिनी, लवंग, मिरी वेगवेगळं भाजून केलेल्या वाटणात. काळं वाटण करणाऱ्या कोणत्याही आजीला हे शिकवायची गरज नाही. ब्याडगीबरोबर मूठभर मनुके घाला, म्हणजे तिकडच्या मिरच्यांचा गोडसरपणा थोडा जवळ येतो. चॉकलेट बिनदुधाचं आहे ना, ते वेष्टणावर वाचून घ्या.

पावसाळ्यात घोळ मिळते. मेक्सिकोत ती 'बेर्दोलागास' नावाने हिरव्या रश्श्यात शिजते. तिथलं टोमॅटिल्लो इथे नाही, कच्चे हिरवे टोमॅटो चालतील. गोडाला 'अलेग्रिया' म्हणजे चक्क राजगिऱ्याची वडी. तिकडे काही जण त्यात मध घालतात, वीगनसाठी आपला गूळच बरा.

कुठे फसायला होतं?

शाकाहारी आणि वीगन एक नाही, हे मराठी घरात सगळ्यात आधी सांगावं लागतं. टॉर्टियाला सवयीने तूप लागतं, रश्श्यात दही पडतं. बाहेर खाताना भात कोंबडीच्या रश्श्यात आणि घेवडा चरबीत शिजवलेला असू शकतो, म्हणून विचारून घ्यावं. क्रीमऐवजी भिजवलेले काजू लिंबू आणि मीठ घालून वाटा. काजू परवडत नसतील तर शेंगदाणे, फक्त साल काढून. आणि पूर्ण वीगन राहणाऱ्यांना बी-१२ वेगळं घ्यावं लागतं, ते यातल्या कोणत्याच पदार्थातून मिळत नाही.

मासा उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत आंबतो. फ्रिजमध्ये दोन दिवस टिकतो, पण टॉर्टिया ताज्याचेच चांगले होतात. उरलेल्या पिठात तेल आणि मीठ घालून फेसा, केळीच्या पानात घेवड्याचं सारण भरून पातोळ्यांसारखं वाफवा. दक्षिण मेक्सिकोत याला तमाल म्हणतात.